सणाचा दर फक्त पाणी थांबवण्यापुरता

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये चौदा वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, पूजा मांडून होते न होते तोच हॉलच्या पंख्यातून पाणी ठिबकायला लागलं. थोड्याच वेळात पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) छतातून धार. वरचे लोक कोकणात फिरायला गेलेले. त्यांचा भाऊ नाशिकरोडहून किल्ली घेऊन येईपर्यंत दहा वाजले. दार उघडलं तर हॉलभर पाणी. फ्लशच्या टाकीचा कनेक्शन पाइप फुटला होता, नहाणीच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली होती, त्यामुळे पाणी बाथरूमच्या उंबऱ्यावरून बाहेर आलं. त्या पाइपचं पाणी बंद करायचा अँगल कॉक जाम, फिरेना. आमचा नेहमीचा प्लंबर गावी. मोबाइलवर शोधून एकाला बोलावलं, तो साडेअकराला आला. त्याने पाइप आणि कॉक बदलला, 'आतूनही लीक असेल' म्हणून चार फरश्या फोडल्या आणि १२,२०० रुपये घेतले : व्हिजिट १,५००, रात्रीचे १,५००, मजुरी ६,०००, हेल्पर १,०००, माल २,२००. पावती नाही, पैसे मी मोबाइलवरून दिले.

पाडव्याला त्यानेच पाठवलेला एक ठेकेदार आला. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, आमच्या हॉलचं सगळं पीओपी नवीन, प्लास्टर, रंग, असा ७८,००० चा आकडा सांगितला. म्हणाला, 'आज अर्धे द्या, माणसं छठपूजेला गेली की महिनाभर कोणी मिळणार नाही.' मी १०,००० टोकन दिलं. गळणं मात्र त्याच दुपारी थांबलं, ते आजतागायत नाही. वरचे परत आले, ते म्हणतात पाइपचे पैसे देतो, बाकीचं सोसायटीचं काम. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचा संबंध नाही. मुलगा म्हणतो ग्राहक मंचात जा. घराचं कर्ज अजून चालू आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुलीचा साखरपुडा, तोही घरीच. मी लुबाडली गेले का? पैसे कोणाकडे मागू? नाव छापू नका, वरच्यांशी रोजचं येणं-जाणं आहे.

उत्तर :

ताई, लुबाडल्या गेलात का, ते आधी सांगतो, कारण तेच तुम्हाला जास्त खुपतंय असं पत्रावरून दिसतं. प्लंबरने घेतलेल्या १२,२०० पैकी साधारण निम्मे त्याचे होतेच. उरलेले त्याने तुमच्या घाबरण्याचे घेतले. ठेकेदाराचे ७८,००० मात्र बहुतांशी तिथीचे पैसे आहेत.

एरवी आपल्याकडे प्लंबर घरी येऊन बघायचे तीनशे ते पाचशे घेतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला जो माणूस घरची पूजा सोडून, बायकोची बोलणी खाऊन पिशवी उचलतो, त्याने व्हिजिटचे आणि रात्रीचे मिळून तीन हजार घेतले तर मला त्यात वावगं वाटत नाही. हेल्परचे हजार सणाला चालतील. कनेक्शन पाइप आणि बऱ्या कंपनीचा अँगल कॉक मिळून हजार-बाराशेच्या वर सहसा जात नाहीत, त्याने २,२०० लावले. रात्री दुकान उघडं नव्हतं, माल त्याच्या पिशवीतला होता, म्हणून तेही एक वेळ सोडून देऊ. खटकतात ते मजुरीचे सहा हजार. पाइप आणि कॉक बदलायला अर्धा तास पुरतो. बाकीची मजुरी फरश्या फोडण्याची, आणि फरश्या फोडायचं कारणच नव्हतं. फुटलेला पाइप समोर लोंबत होता. तो बदलल्यावर सगळे नळ बंद ठेवून सकाळपर्यंत वाट बघायची, ओल वाढली तरच भिंतीत शिरायचं, हा साधा क्रम आहे. मध्यरात्री छिन्नी-हातोडा काढणारा प्लंबर बहुधा काम शोधत नसतो, तयार करत असतो.

आता हे दर दिवाळीतच एवढे का चढतात ते बघा, म्हणजे कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते पुढच्या वेळी कळेल. नाशिकमध्ये पीओपीचं, रंगाचं, फरशीचं काम करणारी बरीच माणसं बाहेरगावची. उत्तर प्रदेश-बिहारकडची मंडळी दिवाळीआधी गाडीत बसतात ती सहाव्या दिवसाची छठ आटोपल्याशिवाय परतीचं बघत नाहीत. खानदेश-मराठवाड्याकडचे गवंडी आणि बिगारी भाऊबीज करतात, शेतातलं कापूस-सोयाबीनचं काय राहिलं असेल ते उरकतात, मग येतात. दुकानांचंही तसंच. व्यापाऱ्यांपैकी अनेकजण पाडव्याला वहीपूजन करून शटर ओढतात ते लाभपंचमीच्या मुहूर्तालाच वर करतात. त्या आठवड्यात हातही मोजके आणि मालही मोजका. तेव्हा ठेकेदाराचं 'महिनाभर कोणी मिळणार नाही' हे काही अगदी खोटं नाही. फक्त त्याने एक गोष्ट सांगितली नाही : तुम्हाला त्या महिन्यात कोणी लागणारच नव्हतं.

या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे. सणाचा दुप्पट-तिप्पट दर पाणी थांबवण्यासाठी खुशाल मोजा, घासाघीस करू नका. पाणी थांबलं त्या मिनिटाला तातडी संपली. छत, प्लास्टर, फरशी, रंग, ही कामं दिवाळीत करून घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन वाईट काम विकत घेणं.

वाईट का, ते सांगतो. तुमचा स्लॅब आणि त्याखालचं प्लास्टर साडेचार तास पाणी पीत होतं. वरून कोरडं दिसायला आठवडा पुरतो, पण आतली ओल निघायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. त्याआधी पुट्टी मारून रंग दिला की ओल बाहेर पडायची वाट शोधते. रंगाला फोड येतात, क्षार फुटून पांढरी पावडर गळते, पापुद्रे सुटतात. मग संक्रांतीच्या सुमारास तोच ठेकेदार येऊन सांगतो, 'बघा, मी म्हणत होतो ना, वॉटरप्रूफिंग करून घ्या.' ओल्या स्लॅबखाली नवीन पीओपी चढवलं तर आणखी वाईट. ओल आतच कोंडते आणि बुरशीचा वास महिनोन् महिने जात नाही.

एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. हे जुलैत झालं असतं तर मी चिंतेत पडलो असतो. दिवाळीनंतरची नाशिकची हवा कोरडी. दिवसा ऊन, रात्री थंडी. ही हवा तुमचं काम फुकटात करते आहे, तिला करू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, स्टँडचा पंखा छताच्या दिशेने लावा, आणि जिथलं पीओपी भिजून फुगलंय किंवा लोंबतंय तेवढं काढून टाका. फुगलेलं पीओपी पुन्हा सरळ होत नाही आणि कधी कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही. जे घट्ट आहे, फक्त डागाळलंय, ते राहू दे. डिसेंबरच्या मध्यावर स्लॅबला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर अजून थांबा. कोरडा राहिला तर कारागीर बोलवा.

वॉटरप्रूफिंगचं तर नावच काढू नका. तुमच्या पत्रातल्याच दोन गोष्टी त्याला पुरेशा आहेत. पाणी बाथरूमच्या फरशीखालून झिरपून आलेलं नाही, उंबऱ्यावरून वाहून वरच्या हॉलमध्ये पसरलं आणि पंख्याच्या हुकातून, वायरिंगच्या पाइपातून खाली उतरलं. आणि फ्लशचा पाइप बदलल्यावर दुसऱ्या दुपारपासून आजपर्यंत एक थेंब नाही. वरचे परत येऊन रोज आंघोळी करतायत तरी नाही. वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं तर वर आंघोळी सुरू झाल्यावर तुमच्याकडे पुन्हा ओल दिसली असती. ही ओळख सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावी : दिवस-रात्र सारखं ठिबकत असेल तर नळाची लाइन, वापराच्या वेळेलाच ठिबकत असेल तर ड्रेनेज किंवा वॉटरप्रूफिंग, पावसातच ठिबकत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. शंभरातली सगळी प्रकरणं यात बसत नाहीत, पण फोडाफोडी कुठून सुरू करायची नाही एवढं यावरून नक्की कळतं. एक लक्षात ठेवा, त्या प्लंबरने फोडलेल्या चार फरश्यांची जागा मात्र वरच्यांनी नीट बुजवून घ्यायला हवी. तिथून पाणी मुरायला लागलं तर आज नसलेला आजार उद्या होईल.

मग खरा खर्च किती? तुमच्या हॉलमधलं किती छत काढावं लागेल ते मी बघितलेलं नाही. पण चाळीस-पन्नास चौरस फुटांचा तुकडा आहे असं धरलं, तर चौरस फुटाला ऐंशी ते एकशेवीस या दराने तो तीन ते सहा हजारांचा दिसतो. प्रत्यक्षात एवढ्याशा कामाला कोणी त्या पैशांत येणार नाही. माणसं आणायची, परांची बांधायची, एक दिवस मोडायचा, म्हणून दहा हजार सांगतील, आणि तेही गैर नाही. त्यावर हॉलच्या छताचा रंग, तुकड्याला नाही तर पूर्ण छताला, कारण नवा-जुना पांढरा कधी जुळत नाही. त्याचे आठ-दहा हजार. पंखा आणि वायरिंग बघायला इलेक्ट्रिशियनचे हजार-दीड हजार. गोळाबेरीज वीस-बावीस हजार. अठ्ठ्याहत्तर हजार कुठे आणि हे कुठे!

पैसे कोणाचे, हा पुढचा प्रश्न. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांत, दुरुस्तीची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, डक्टमधले पाइप, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, हे सोसायटीचं. त्यात न बसणारं, म्हणजे सभासदाच्या फ्लॅटच्या आतलं, त्याने स्वतःच्या खर्चाने करायचं. फ्लशचा कनेक्शन पाइप हा घरमालकाचा, त्यात दोन मतं होऊच शकत नाहीत. सेक्रेटरी बरोबर बोलतायत. (ज्यांची इमारत सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहे, आणि नाशिकमध्ये अशा पुष्कळ आहेत, त्यांनी आपलं डिक्लरेशन (इमारतीचं घोषणापत्र) काढून वाचावं, सामाईक काय आणि खाजगी काय ते तिथे लिहिलेलं असतं. इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं व्हायची असतील आणि दोष बांधकामाचा असेल, तर 'रेरा' या बांधकाम व्यवसायाच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने तो फुकटात दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत यातलं काही लागू नाही.)

तेव्हा वरच्यांनी पाइपचे पैसे देऊन हात झटकणं मला मान्य नाही. पाइप त्यांचा, जाळीवरची पिशवी त्यांची, घर बंद करून फिरायला जाताना पाणी चालू ठेवलं तेही त्यांनीच. मुद्दाम कोणी केलं नाही, पण नुकसान तुमचं झालंय. प्लंबर त्यांच्याच घरात राबला आणि त्यांचा भाऊ समोर उभा होता, म्हणून ते बिलही मुळात त्यांचं. फरश्या फोडायला हो कोणी म्हटलं, तुम्ही की भावाने, हे आता कोणालाच आठवणार नाही. तिथे मजुरीचे सहा हजार निम्मे-निम्मे करून मोकळं व्हा. तुमच्या छताची वीस-बावीस हजारांची दुरुस्ती मात्र पूर्ण त्यांच्याकडे मागा. जसं होतं तसं करून मागा. जुनं साधं पीओपी होतं आणि आता एलईडीची पट्टी, नवी डिझाइन करायची असेल तर तो फरक तुमचा. आणि ठेकेदाराला दिलेलं दहा हजारांचं टोकन त्यांच्या डोक्यावर मारू नका. ते तुम्ही त्यांना न विचारता दिलं.

हे कसं मागायचं? जिन्यात उभं राहून तर नाहीच, सोसायटीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. ग्रुपवर विषय निघाला की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस पाण्याबद्दल बोलायचं सोडून स्वतःच्या इभ्रतीबद्दल बोलायला लागतो आणि मग चौथ्या मजल्यावरचे पार्किंगचं उकरून काढतात. एकदा वर जा, बसून बोला, आणि घरी आल्यावर साधारण असा मजकूर लेखी पाठवा :

'दादा, वहिनी, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमच्याकडचा फ्लशचा पाइप फुटून आमच्या हॉलचं छत खराब झालं. त्याचे फोटो आणि प्लंबरला दिलेल्या पैशांचा तपशील सोबत पाठवते. त्या बिलातली सहा हजारांची मजुरी आपण अर्धी-अर्धी करू, बाकीचे पैसे तुम्ही द्यावेत. आमच्या छताची दुरुस्ती स्लॅब वाळल्यावर डिसेंबरमध्ये करायची आहे. दोन कारागिरांकडून दर मागवू, तुम्हीही एक बघा, आणि प्रत्यक्ष बिल होईल ते तुम्ही द्यावं ही विनंती. वॉटरप्रूफिंगसाठी मी परस्पर दिलेले पैसे यात धरलेले नाहीत.'

यात शेवटचं वाक्य ठेवाच. समोरच्याला पहिली भीती हीच असते की खालचे आपल्या पैशांत सगळं घर नवं करून घेणार. आणि दर ठरवताना त्यांना सोबत घेतलं की बिल आल्यावर कुरकुर करायला जागा उरत नाही. त्यांनी तरीही नाही म्हटलं तर सेक्रेटरींना लेखी तक्रार द्या, मध्यस्थी करायला सांगा. पाच-दहा हजारांवर तडजोड होत असेल तर करून टाका. वीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना मी आजवर नफ्यात आलेलं बघितलेलं नाही.

आता मुलाचं. ग्राहक मंचाला हल्ली ग्राहक आयोग म्हणतात, आणि वरच्या शेजाऱ्यांविरुद्ध तिथे जाताच येत नाही, कारण त्यांनी तुम्हाला कुठली वस्तू किंवा सेवा विकलेली नाही. प्लंबरविरुद्ध जाता येईल, पण दर जास्त लावला एवढ्यावर फारसं हाती लागणार नाही. दर तुम्ही कबूल केला, पैसे दिले. त्याला फोन करून तपशिलासकट बिल मात्र मागून घ्या, साध्या कागदावर असलं तरी चालेल, नाहीतर मेसेजवर आकडे लिहून घ्या. त्याचा उपयोग वरच्यांना दाखवायला आणि विम्याला होईल.

विमा म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. घराचं कर्ज चालू आहे म्हणालात ना? कर्ज देताना बँका अनेकदा विम्याचा हप्ता त्यातच बसवून टाकतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. फाइल काढा. कधी तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, त्याचा इथे उपयोग नाही. कधी घराचा असतो. घराचा असेल तर काम होण्याची चांगली शक्यता आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणली आहे, आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटणं किंवा ओसंडणं हे तिच्या संरक्षणात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधीच्या आगीच्या पॉलिसीतही ते असायचं. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, झीज, याला विमा मिळत नाही. तुमचा पाइप एका संध्याकाळी अचानक फुटला, हा फरक अर्जात ठळक लिहा. कंपनीला फोन आजच करा, उशीर का झाला ते खरं सांगा. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) बघून जाईपर्यंत काढलेले पीओपीचे तुकडे गोणीत भरून बाल्कनीत ठेवा, घंटागाडीत टाकू नका. आणि विम्याचे पैसे मिळाले तर तेवढी रक्कम वरच्यांकडे मागायची नाही. एकाच छताचे दोनदा पैसे घेता येत नाहीत.

टोकनचे दहा हजार परत मिळतील का? रोख सगळे मिळतील असं मला वाटत नाही, पण ते बुडालेही नाहीत. त्याने अजून काम सुरू केलेलं नाही, माल आणलेला नाही. आजच मेसेज करा की वॉटरप्रूफिंग आणि संपूर्ण पीओपी रद्द, त्यासाठी माल घेऊ नका. मग त्याला दुसरा पर्याय द्या : डिसेंबरमध्ये खराब झालेला तुकडा आणि रंग तूच कर, बाजारभावाने, टोकन त्यात वळतं. बहुतेक ठेकेदार याला तयार होतात. एकदा खिशात आलेली नोट परत देण्यापेक्षा त्याला काम करून देणं सोपं वाटतं. त्याचा दर दुसऱ्या कोणाच्या दरापेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त आला तरी घ्या, वादापेक्षा स्वस्त पडेल. काहीच ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदवली हे कळवल्यावर अनेकांचा सूर बदलतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. या ताईंच्या घरात सात ते साडेअकरा पाणी येत राहिलं. अर्ध्या इंची लाइन पूर्ण सुटली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं, तासाला सहाशे ते नऊशे. गच्चीवरची टाकी रिकामी होईल म्हणावं, तर खालचा पंप ऑटोमॅटिकवर, तो भरतच राहतो. अँगल कॉक जाम होता, किल्ली नाशिकरोडला होती, सगळं खरं. पण गच्चीवर टाकीपासून उतरणाऱ्या प्रत्येक लाइनला सहसा व्हॉल्व असतो. त्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व फिरवला असता आणि पंप बंद केला असता तर सव्वासातलाच पाणी थांबलं असतं, एक रुपया न देता. वरच्या-खालच्या चार घरांच्या त्या बाथरूमला तेवढ्या रात्रीपुरतं पाणी नसतं, एवढंच. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, हे आपण नाशिककर घरबसल्या एकमेकांना विचारतो; आपल्याच गच्चीवरचा कुठला व्हॉल्व कुठल्या घराचा, हे अख्ख्या इमारतीत एका वॉचमनला माहीत असतं, आणि तो दिवाळीला गावी असतो. सेक्रेटरींनी एका रविवारी प्लंबर बोलवून प्रत्येक लाइनवर ऑइलपेंटने फ्लॅट नंबर टाकून घ्यावेत, जुने चाकाचे गेट व्हॉल्व गंजून अडकले असतील तिथे दांड्याचे बॉल व्हॉल्व बसवून घ्यावेत. हे काम चैत्रात करा, तेव्हा प्लंबरला वेळ असतो.

आणि छतातून पाणी येतंय असं दिसलं की पहिल्यांदा त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला खटका) पाडा, मग बादली शोधा. पीओपी पोटासारखं फुगलं असेल तर फुग्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला लांब स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून पाणी बादलीत उतरू द्यायचं. नाहीतर वजनाने सगळा तुकडा एकदम खाली येतो. स्टुलावर चढताना बाजूला कोणीतरी उभं असावं.

राहिला साखरपुडा. घरी करा, ठरल्याप्रमाणे करा, आणि त्यासाठी रंगकाम घाईने उरकू नका. काढलेल्या पीओपीच्या जागी मांडववाल्याकडून पांढऱ्या कापडाची झालर ताणून घ्या. कडा मोकळ्या ठेवायला सांगा, म्हणजे हवा खेळती राहील. व्याही मंडळी छताकडे बघत नाहीत, आणि बघितलंच तर दिवाळीला वरून पाणी आलं हे सांगायला लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडेही कधीतरी आलेलंच असतं. फक्त हॉलचा तो पंखा इलेक्ट्रिशियनने उघडून, वायरिंगच्या पाइपातलं पाणी काढून 'आता लावा' म्हणेपर्यंत कोणालाही लावू देऊ नका. पाहुण्यांतलं एखादं पोर बटण दाबेल, म्हणून त्या बटणावर आधीच चिकटपट्टी लावून ठेवा.